आर्नोच्या काठाने

चालण्याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत आणि ती दोन्ही आमच्या कुटुंबाचीच आहेत. कोल्हापुरात असलो म्हणजे ही म्हणते, "अहो, जरा रंकाळ्याला फेरी मारून या. बसून बसून गुडघे धरतील." परगावी गेलो की म्हणते, "रिक्षा करा की! आपण काय वारीला आलोय?" माझे स्वतःचे असे वेगळे मत नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे कालव्यांच्या भरावांवरून हिंडलो, तेवढ्यात चालणे पायांतच मुरून गेले. जीपमधून कालवा दिसतो. गळती दिसायची तर खाली उतरून चालावे लागते, हे नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका जुन्या कालवा निरीक्षकाने मला शिकवले. शहरांचेही तसेच आहे असे मला वाटते. मोटारीतून शहर दिसते खरे, पण ते कुठून पाझरते आहे ते काही दिसत नाही.

गेल्या वर्षी आश्विनात, दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना, आम्ही दोघे फ्लॉरेन्सला होतो. मुलगी म्युनिकला असते. तिने आगगाडीत बसवून दिले. जावईबापूंनी तीन दिवसांचे वेळापत्रक छापून हातात ठेवले. कोणत्या वाजता कोणते संग्रहालय, कोणत्या दारातून आत, कोणत्या दारातून बाहेर. इतक्या काळजीने तर आम्ही धरणाचे दरवाजेही कधी उघडले नसतील! तो कागद मी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि तिथे तो अगदी सुखरूप राहिला.

फ्लॉरेन्सचे — तिथली माणसे त्याला फिरेंझे म्हणतात — जुने शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला फार तर पाऊण तास. मोठमोठ्या दगडी फरशांचे रस्ते, नि बाहेरच्या मोटारींना आत बहुतेक मज्जाव. पहिल्याच सकाळी मेदिची घराण्याच्या वाड्यापाशी आलो. 1444 साली बांधायला घेतलेला वाडा. खालचे दगड ओबडधोबड, गडाच्या तटासारखे. पाहणाऱ्याच्या छातीवर दडपण यावे असाच बेत. पण त्या तटाच्या पायाशी, थेट रस्त्याला लागून, सबंध लांबीभर दगडाची बैठक काढलेली. तिला दुसरे नाव कशाला द्यायचे? ओटा! सावकारीवर ज्यांनी युरोपातले राजे मिंधे केले, त्यांनी घराबाहेर येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ओटा बांधला होता. ही तत्काळ त्यावर बसली, चपला सैल केल्या आणि म्हणाली, "श्रीमंत असून माणूस बरा दिसतो." वाड्याच्या आत भिंतीभर चित्रे आहेत म्हणतात. आम्ही अर्धा तास ओट्यावरच होतो. शेजारी एक शाळकरी पोरगी पाव खात बसली होती, पलीकडे एक टपालवाला पत्रे लावीत होता. पाचशे ऐंशी वर्षांपूर्वी ज्या कामासाठी ओटा बांधला, तेच काम तो बिनबोभाट करीत होता.

अशा वस्तू ह्या गावात पावलोपावली आहेत. मोठ्या घरांच्या दाराशेजारी, भिंतीत, हातभर उंचीचा कमानदार कोनाडा दिसतो. हिने पहिला कोनाडा पाहिला आणि लगेच निकाल दिला, "पणतीसाठी आहे." दिवाळी डोक्यात असल्यावर दुसरे काय सुचणार? पण ती निघाली द्राक्षमद्याची खिडकी! जमीनदार घराणी आपल्या मळ्यातले मद्य ह्या खिडकीतून सुट्टे विकीत. बाहेरून पैसे आत जायचे, आतून बाटली बाहेर यायची. खुद्द यजमानांना गिऱ्हाइकाचे तोंड पाहावे लागत नसे. शहरात अशा दीडशेच्या वर खिडक्या आहेत. बहुतेक कधीच्या बुजल्या होत्या. 2020 साली महामारीत जेव्हा माणसाने माणसाजवळ जायचे नाही असा नियम झाला, तेव्हा काहींची झडप पुन्हा उघडली. हिला हा इतिहास सांगितला तरी तिने मत बदलले नाही. "असू दे," ती म्हणाली, "पणती छान दिसेल."

घरांच्या नंबरांचा प्रकार तर कोणाही पोस्टमनला वेड लावील. एकाच रस्त्यावर नंबरांच्या दोन रांगा. राहत्या घरांचे नंबर निळे, दुकानांचे लाल. आणि दोन्ही रांगांचा एकमेकींशी काही संबंध नाही. निळ्या तीसच्या शेजारी लाल सत्तर असू शकतो. पायी चालणाऱ्याला मात्र ह्यात मोठी मौज आहे. रंगावरून कळते की ह्या दारामागे कोणी राहते की कोणी विकते.

घुमटाबद्दल मला थोडे जास्त बोलू द्या. हा माझ्या धंद्याचा भाग आहे. फ्लॉरेन्सच्या मोठ्या देवळाचा पाया घातला 1296 साली. भिंती उभ्या राहिल्या, पण वरचे अष्टकोनी भोक पडले सुमारे पंचेचाळीस मीटर रुंद. एवढ्या रुंदीवर घुमट वळवायचा तर खालून लाकडाचा आधार द्यायला हवा. आम्ही त्याला सेंटरिंग म्हणतो. त्या सेंटरिंगला पुरेल एवढे लाकूड आणायचे कुठून आणि उभे करायचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आधी पाया घालायचा नि छताचा विचार पुढच्या पिढीवर सोपवायचा, ही गोष्ट सरकारी खात्यात नोकरी केलेल्या माणसाला अजिबात नवी वाटत नाही. कित्येक वर्षे गावाने डोक्यावर उघडे भगदाड घेऊन दिवस काढले. शेवटी ते काम घेतले ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने, आणि हा माणूस शिकलेला सोनारकाम! त्याने जमिनीवरून सेंटरिंग न लावता घुमट चढवला. विटा सरळ थरांत न रचता मधूनमधून उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी नक्षी केली. त्यामुळे कलता थर ओला असतानाच घट्ट पकडला जाई आणि एकेक कडे पुरे झाले की ते स्वतःचा भार स्वतः पेली. घुमट एकात एक असे दोन, नि मधल्या पोकळीतून जिना. 1420 मध्ये काम सुरू झाले, 1436 मध्ये पुरे झाले. विटा लागल्या चाळीस लाखांच्या आसपास. गवंड्यांनी जेवायला खाली उतरण्यात वेळ घालवू नये म्हणून त्याने वरच खाणावळ चालवली अशी एक कथा सांगतात. हे मला अगदी पटते.

वर चढायला 463 पायऱ्या आहेत. ही खाली बसली, मी चढलो. मधल्या पोकळीत भिंत कलत जाते तसे आपणही कलतो, आणि दोन्ही हातांना त्या विटा लागतात. मी एका विटेवर तळहात ठेवून उभा राहिलो. मागच्या जर्मन बाईंनी दोनदा खाकरून दाखवले, तेव्हा पुढे झालो. खाली आल्यावर हिने मला देवळाच्या मागे नेले. मी वर असताना तिने स्वतःचे संशोधन केले होते. तिथल्या फरशीत एक पांढरा संगमरवरी गोल बसवला आहे. घुमटाच्या शिखरावरचा सोनेरी गोळा सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर विजेने उडवला, तो गडगडत इथे येऊन पडला. नवा गोळा वर चढला. जुन्याची खूण खाली राहिली. तिच्यावरून माणसे खुशाल तुडवीत जातात. एका फ्रेंच गृहस्थाने ती हिला दाखवली होती. कोणत्या भाषेत, ते तिने सांगितले नाही.

जेवणाचे हाल झाले नाहीत, पण एक धक्का बसला. टस्कनी प्रांतातल्या पावात मीठच घालत नाहीत! शेकडो वर्षांची चाल आहे. पहिला घास घेऊन हिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच तो पाव भाजला होता. मग पिशवीतून डबी निघाली. कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी, आर्नो नदीच्या कठड्यावर, अळणी पावावर. मी प्रामाणिकपणे सांगतो, जगातल्या दोन अर्धवट वस्तू त्या दिवशी पूर्ण झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सान रेमिजिओ नावाच्या लहानशा गल्लीत शिरलो ते केवळ सावली होती म्हणून. कोपऱ्यावरच्या भिंतीवर, दोन पुरुषांच्याही वर, दोन पाट्या दिसल्या. खालची फार जुनी. तिच्यात कोरलेला एक हात बोटाने लाटेची रेघ दाखवतो आहे. 4 नोव्हेंबर 1333 चा आर्नोचा पूर. तिच्या वर दुसरी पाटी, 4 नोव्हेंबर 1966 ची. सहाशे तेहेतीस वर्षांनी तीच तारीख, आणि पाणी जुन्या रेघेच्याही वर.

आम्ही दोघे मुकाट उभे राहिलो. कोल्हापूरच्या माणसाला ही पाटी समजावून सांगावी लागत नाही. दर पावसाळ्यात आमच्या गावाची नाडी राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीत असते. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पोरेसोरेसुद्धा हे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगतात. 2019 साली आणि पुन्हा 2021 साली शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरले होते. हिने हात वर करून भिंतीवर अंदाज घेतला. हात पुरेना. "इथं तर माळ्यावरही राहता आलं नसतं," ती हळूच म्हणाली. 1966 च्या त्या पुरात इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तके चिखलात बुडाली, आणि ती उपसून काढायला देशोदेशींची तरुण मुले आपण होऊन आली. गावाने त्यांना चिखलातले देवदूत असे नाव ठेवले. आमच्याकडेही 2019 मध्ये सबंध जिल्ह्यातून भाकरीचे ढीग आले होते. आपण त्यांना नाव काही ठेवले नाही. ठेवायला हवे होते.

तिसरा दिवस मी आधीच राखून ठेवला होता. जावईबापूंच्या कागदात त्या दिवशी उफिझी संग्रहालय होते. माझ्या मनात होता एक कोल्हापूरकर.

कोल्हापुरात राजाराम हे नाव ठायीठायी आहे. राजाराम कॉलेज, राजाराम बंधारा, राजारामपुरी. ह्यांतला कोणता राजाराम कुठला, हे आम्हां गावकऱ्यांनाही धड सांगता येत नाही. 1880 सालचे कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते दुसरे राजाराम महाराज. 1866 मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले आणि 1870 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, विलायतेला निघाले. त्या काळी समुद्र ओलांडणारा हिंदू संस्थानिक म्हणजे नवलाचीच गोष्ट. त्यांनी प्रवासात इंग्रजीत रोजनिशी ठेवली. बरोबरच्या कॅप्टन वेस्ट ह्यांनी ती 1872 मध्ये लंडनला छापून आणली. आता ती संगणकावर वाचायला मिळते. मी निघण्यापूर्वी वाचली. काय पाहिले, कोण भेटले, एवढेच साधेपणाने लिहिले आहे. आपली पाने थोडी उरली आहेत अशी कल्पना नसलेल्या मुलाने लिहावे तसे. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती.

राजा मेला, तर त्याला जाळायचे. पण त्या देशात प्रेत जाळण्याची चालच नव्हती. इटलीतले आधुनिक पद्धतीचे पहिले दहन मिलानला झाले ते 1876 साली, म्हणजे पुढे सहा वर्षांनी. तरीही अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. जागा हवी होती संगमाची. शहराच्या पश्चिमेला आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, तिथे मध्यरात्रीनंतर चिता रचली गेली.

तिथवर आम्ही पायी निघालो. पोंते वेक्क्यो ह्या जुन्या पुलापासून साधारण पाच किलोमीटर. 1345 चा हा पूल, त्यावर सोनारांची दुकाने. पूर्वी खाटिकांची होती. 1593 मध्ये राजाज्ञेने त्यांना उठवले. पुढचा सान्ता त्रिनिता पूल मला जास्त आवडला. 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी पोंते वेक्क्यो तेवढा सोडून शहरातले सगळे पूल उडवले. गावकऱ्यांनी नदीतून ह्या पुलाचे दगड वेचून काढले आणि 1958 पर्यंत तो होता तसा पुन्हा बांधला. कोपऱ्यावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचे डोके तेवढे सापडेना. ते 1961 साली नदीच्या गाळात मिळाले. गाळ काढण्याच्या कामातून असे काही वर आलेले माझ्या चौतीस वर्षांत मी पाहिले नाही.

पुढे एक तिरका बंधारा लागतो, आणि तिथे मी किती वेळ उभा राहिलो ते हिला विचारा. नंतर नदीकाठचे कॅशीने नावाचे लांबलचक उद्यान. मुळात मेदिची घराण्याचा गोठा नि दूधदुभत्याची जागा. शेलीने पश्चिम वाऱ्यावरची आपली कविता 1819 मध्ये ह्याच झाडीत रचली. कॉलेजात ती आम्हांला होती. तिच्यावर सात गुणांचा प्रश्न यायचा. तो शेली तीन वर्षांनी ह्याच टस्कनीच्या समुद्रात बुडाला आणि त्याला जाळले समुद्रकाठच्या वाळूत. ऑक्टोबरचा वारा होता, पिवळी पाने पायांत येत होती. चालता चालता ही एकाएकी म्हणाली, "अण्णा भाऊजींना कुठं नेलं असेल हो?"

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. 1962 मध्ये यॉर्कशायरमधल्या एका गिरणगावात नोकरीला गेला आणि 1971 च्या हिवाळ्यात तिथेच छातीच्या दुखण्याने गेला. घरी तार आली. वडील आधीच गेले होते, मी एकवीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. विमानाचे भाडे हा विचारसुद्धा करण्याजोगा विषय नव्हता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका पंजाबी फोरमनने आणि एका गुजराती दुकानदाराने सगळे केले. आठ महिन्यांनी कोणाच्या तरी सामानातून अस्थी आल्या, त्या आम्ही प्रयाग चिखलीच्या संगमावर सोडल्या. आईने आक्रोश केला नाही. तिने एकच विचारले, "तिथं जवळ नदी होती का रे?" माझ्या शाळेच्या ॲटलासात ते गाव नव्हते. जवळच्या मोठ्या शहरापाशी एक निळी रेघ होती. मी म्हणालो, "आहे." पुढची सोळा वर्षे ती अधूनमधून तेच विचारी, आणि मी तेच सांगे. हे हिला ठाऊक होते. ती पुष्कळदा तिथे भाजी निवडत बसलेली असे.

झाडी संपली तशी छत्री दिसली. चार खांबांवर नक्षीदार घुमट, आत महाराजांचा अर्धपुतळा. 1874 साली उभारली. आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे आमच्या नव्या राजवाड्याचा केला. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. पुतळा रंगवलेला आहे. डोक्याला मंदील, अंगावर दागिने, चेहरा मात्र परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या मुलासारखा. चबुतऱ्यावरचा इंग्रजी लेख सांगतो की वयाच्या एकविसाव्या वर्षी, मायदेशी परतताना, इथे मृत्यू आला. जवळच तारांवर तोललेला मोठा थोरला पूल आहे, 1978 चा. त्याचेही नाव 'इंदियानो'. हजारो मोटारी रोज एका कोल्हापूरकराच्या नावावरून जातात.

"किती लहान आहे हो," ही म्हणाली.

मुन्योने नदी म्हणजे आमच्या जयंती नाल्याएवढीच. पण मिळते ती बरीक अगदी रीतसर, जरा वळण घेऊन. आम्ही टोकापर्यंत गेलो. हिने पाण्याची बाटली काढली, चुळकाभर पाणी हातावर घेतले आणि काठावर सोडले. मग पुन्हा एकदा घेतले. "हे अण्णा भाऊजींचं," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगायला हवं होतं, परक्या मुलखातही बघतात संगम."

काठावरच्या बाकावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. तो आमच्याकडे बराच वेळ पाहत असावा. त्याने इटालियनमध्ये काही विचारले. मी छत्रीकडे बोट दाखवले, मग स्वतःकडे, आणि म्हणालो, "कोल्हापूर." हे त्याला कळण्याचे काही कारण नव्हते. तो "आ, इंदियानो," असे म्हणाला, शेजारची माशांची बादली उचलून त्याने गवतावर ठेवली आणि बाकावर आम्हां दोघांना जागा करून दिली.